ईरण्णाचा सहा वर्षांचा नारळ

बलभीम परंडेकर येरमाळ्याच्या वेशीत बैलगाडीतून उतरायला मागच्या टोकाकडे सरकला, तेव्हा गाडीची पुढची बाजू वर उठली आणि जुवाला बांधलेले दोन्ही बैल मागच्या पायांवर उभे राहून येडेश्वरीच्या डोंगराकडे बघू लागले. चार माणसं जुवाला लोंबकळली तेव्हा कुठं बैल जमिनीवर आले. बलभीमनं पहिला पाय मातीवर टेकला, तशा समोरच्या हॉटेलातल्या कपबशा खळखळल्या. दुसरा टेकला, तेव्हा चारशे पावलांवरच्या विहिरीत पाणी शेंदणाऱ्या बाईची घागर आपोआप भरली. त्यानं घसा साफ केला आणि चिंचेच्या झाडावरचे कावळे जे उडाले ते थेट बार्शीला जाऊन बसले.

हे सगळं ईरण्णाच्या सांगण्यावरून. येरमाळ्याच्या बाकीच्या माणसांना आठवतं ते एवढंच की बलभीम पायी आला, त्याच्या खांद्यावर घोंगडी होती आणि आल्या आल्या त्यानं तांब्याभर पाणी मागितलं. पण ज्याच्यावर जन्मभर सूड उगवायचा तो माणूस पायी येऊन पाणी मागणारा असला तर कसं चालेल? ईरण्णानं सहा वर्षांत त्याला गाडी दिली, बैल दिले आणि कावळे दिले. शत्रू मोठा करण्यात त्यानं कधी हात आखडता घेतला नाही.

ईरण्णा नळदुर्गचा. वडील शरणबसप्पा बाजारात करडीचं तेल आणि पेंड विकायचे. घर लिंगायताचं, त्यामुळं अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचं नाही. पोरगा वाढला तो दूध, तूप, भिजवलेले हरभरे आणि आईचं कौतुक यांच्यावर. बाविसाव्या वर्षी त्याच्या मांड्या एवढ्या झाल्या की धोतर नेसवायला दुसरा माणूस लागायचा. त्या साली, म्हणजे एकोणीसशे चाळीसच्या चैत्रात, येरमाळ्याच्या जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीला त्याचं नाव लागलं.

जत्रेतला कुस्त्यांचा फड लहानांपासून सुरू होतो. आधी रेवड्यांवर पोरं लढतात, मग नारळावर होतकरू, मग फेट्यावर बरे पैलवान, आणि ऊन कलल्यावर मानाची शेवटची कुस्ती. तिला जरीचा फेटा आणि चांदीचं कडं. कोण कितव्या कुस्तीला हे ठरवायचे फडाचे पंच आण्णासाहेब. त्यांची एक काळी लाकडी पाटी जत्रेच्या आधी दीड महिना चावडीपुढच्या लिंबाला टांगलेली असे. तिच्यावर ते खडूनं नावं लिहीत, कुस्त्या ज्या क्रमानं व्हायच्या त्या क्रमानं, वरून खाली. म्हणून या पाटीवर ज्याचं नाव सगळ्यांत खाली तो सगळ्यांत मोठा, आणि वर चढत जाणं म्हणजे मान जाणं. परगावच्या माणसाला हे समजायला एक जत्रा खर्ची घालावी लागे.

ती दीड महिन्याची पाटी हीच खरी जत्रा. रोज सकाळी माणसं तोंड धुवायच्या आधी पाटी बघायला येत. अमक्याला सर्दी झाली असं कुणी म्हणालं की तो दोन ओळी वर गेलाच. तमक्यानं कुर्डुवाडीच्या स्टेशनात पोतं दातानं उचललं अशी खबर आली की तो तीन ओळी खाली. एका गड्याचं लग्न ठरल्याचं कळताच आण्णासाहेबांनी त्याला एकदम फेट्यावरून रेवडीवर आणला होता, आणि लग्न मोडल्यावर परत जागेवर बसवला होता. ते तोंडानं कुणाचा अपमान करीत नसत. नुसतं फडकं हातात घेत.

तर चाळीस साली सगळ्यांत खालच्या ओळीत ईरण्णा. जत्रेला तीन दिवस राहिले असताना बलभीम आला आणि पाटीसमोर उभा राहिला. त्याला वाचता येत होतं. पैलवानात ही गोष्ट बरी नव्हे, पण येत होतं.

"ह्यो ईरण्णा कोण?" त्यानं विचारलं.

"म्या," ईरण्णा पुढं होऊन म्हणाला.

बलभीमनं त्याला खालून वर बघितलं, वरून खाली बघितलं, आणि मग आण्णासाहेबांकडं वळून अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "पेंडीच्या पोत्याला लंगोट कुनी नेसवला वो?"

माणसं हसली. ते ईरण्णानं सोसलं असतं. पण आण्णासाहेबही हसले, आणि हसता हसता त्यांनी फडकं उचललं. संध्याकाळी ईरण्णा दोन ओळी वर होता. दुसऱ्या दिवशी पाच. हलगीवाला त्याला बघितलं की वाजवायचा थांबून तपकीर ओढू लागला. ज्या घरी तो उतरला होता तिथं आदल्या दिवसापर्यंत शेरभर दूध यायचं, तिथं आता कपात चहा आला. जत्रेच्या दिवशी पेंडीचं पोतं नारळाच्या ओळीत जाऊन बसलं, आणि समोर जोड म्हणून आला कळंबचा पन्नाशीचा एक हलवाई. त्याला वैद्यानं गुडघ्यासाठी व्यायाम सांगितला होता.

ईरण्णानं त्याला उचलून अलगद पाठीवर निजवला. मग हाताला धरून उठवलं, कारण त्याला आपलं आपण उठता येईना. बक्षीस म्हणून शेंडीचा एक नारळ मिळाला. तिकडं शेवटच्या कुस्तीत बलभीमनं सोलापूरकडचा गडी पाडला आणि आण्णासाहेबांनी त्याच्या डोक्याला जरीचा फेटा बांधला. तो फेटा ईरण्णासाठी म्हणून आणलेला होता. आठ दिवस आधी त्याला डोक्यावर धरूनसुद्धा दाखवला होता.

नारळ जिंकणारे देवीपुढं फोडून खोबरं वाटतात. ईरण्णानं तो घरी आणला आणि माजघरातल्या कोनाड्यात ठेवला. "बलभीमला येरमाळ्याच्या मातीत पाठीवर पाडीन," तो म्हणाला, "तवाच ह्यो फोडीन."

पुढच्याच साली त्याचं लग्न झालं. बायको शिवगंगा आळंदकडची. घरात पाऊल टाकल्यावर तिनं पहिली विचारपूस केली ती कोनाड्यातल्या नारळाची. पंचमी असो, दिवाळी असो, नारळ लागायचा आणि तिला बाजारातून आणावा लागायचा.

"अवो, घरात नारळ असताना इकत कशापायी आणायचा?" ती म्हणायची. "चटणी तर करू द्या."

"त्यो नारळ न्हाय. बलभीमचं टाळकं हाय."

"मंग दर दिवाळीला त्याच्या टाळक्यावरची धूळ म्या का पुसायची? म्या काय त्याची आई हाय?"

ईरण्णा तिथंच जोर काढायला लागायचा. सुडाचा एक फायदा असा की माणूस वेळेवर उठतो. पाच वर्षं ईरण्णा कोंबड्याच्या आधी उठला. किल्ल्याच्या पायथ्याला चाँदपाशा वस्तादांची तालीम होती. वस्ताद सत्तरीचे, दाढी मेंदीनं लाल, कान मोडून मोडून भज्यासारखे झालेले. त्या काळी तालमीलासुद्धा निजाम सरकारची इजाजत लागायची. तो कागद वस्तादांनी पत्र्याच्या नळकांड्यात जपला होता आणि फौजदार आला की उलटा धरून दाखवायचे. फौजदारही तो तसाच वाचायचा. या तालमीत ईरण्णानं दिवसाला हजार बैठका मारल्या. दर बैठकीला तोंडातल्या तोंडात 'बलभीम' म्हणायचा. एकदा मोजणी चुकली तर हजारऐवजी बाराशे झाल्या. बलभीमला दोनशे वेळा जास्त गाडल्याच्या आनंदात तो त्या दिवशी जेवलाही जास्त.

लढाईचे दिवस. बदाम बघायला मिळेनात, साखरेला कार्ड, रॉकेलला रांग. पण सूड कार्डावर नव्हता. ईरण्णा नळदुर्गला जिंकला, तुळजापूरला जिंकला, अणदूरच्या जत्रेत एका दिवसात दोन गडी पाडले. येरमाळ्याच्या पाटीवर तो दर साली थोडा थोडा खाली सरकत गेला. बलभीम मात्र खालच्या ओळीत मुळं धरून बसला होता. अखेर सेहेचाळीसच्या फाल्गुनात, जत्रेला चाळीस-बेचाळीस दिवस असताना, मोटारीच्या ड्रायव्हरनं नळदुर्गात बातमी आणली: पाटी टांगली, आणि शेवटच्या ओळीत लिहिलंय, ईरण्णा नळदुर्ग विरुद्ध बलभीम परंडा.

त्या दिवशी शिवगंगानं कुणी न सांगता नारळावरची धूळ पुसली.

ईरण्णा चार दिवस मेव्हण्याच्या लग्नाला आळंदला गेला. तिथं जेवणाच्या पंगतीत त्यानं बलभीमला निरनिराळ्या डावांवर अकरा वेळा पाडला, म्हणजे समोरच्या पाहुण्यांना हातवारे करून सांगितलं. एका पाहुण्याच्या पानात आमटी सांडली. परत आला तो घरी न जाता सरळ तालमीत गेला. कुस्तीच्या मातीच्या हौद्यात एक आडव्या अंगाचा माणूस पाठमोरा उभा राहून फावड्यानं माती उकरत होता. मांड्या ओळखीच्या वाटल्या. माणसानं वळून बघितलं, फावडं ठेवलं, हौद्यातून बाहेर आला आणि वाकून ईरण्णाच्या दोन्ही पायांना हात लावला.

"रामराम, थोरले," बलभीम म्हणाला.

ईरण्णाच्या हातातली लग्नातली लाडवांची पिशवी खाली पडली. वस्ताद भिंतीला टेकून हुक्का ओढत होते.

"वस्ताद, ह्यो बलभीम हाय."

"हौ. नाव इचारूनच गंडा बांधतो मी," वस्ताद म्हणाले. "परवा बांधला. फेटा लाया, शक्कर लाया. गुणी है."

"अवो पर माझी कुस्ती हाय ह्याच्यासंगं."

"होती. आता न्हाय. एका वस्तादाचे दोन चेले फडात लढत न्हाईत. कुणीबी पडला तर पाठ माझीच लागते."

"मंग घेतलाच कशाला ह्याला?"

"त्याचा वस्ताद गेल्या साली मेला. बिनवस्तादाचा पैलवान दारात आला तर परत लावायचा नक्को. हा बी कायदाच है." वस्तादांनी हुक्क्याची नळी बलभीमच्या पायाकडं दाखवली. "और मांडी देख उसकी."

बलभीम नम्रपणे मांडी दाखवत उभा होता. तो आता बत्तीस वर्षांचा होता, डावा खांदा पाऊस येणार असला की दुखायचा, आणि ईरण्णा अणदूरला एका दिवसात दोन गडी पाडतो हे त्याच्या कानावर गेलं होतं. परंड्याहून नळदुर्ग काही जवळ नाही. मधल्या वाटेवर चार वस्ताद होते. चौघांना ओलांडून तो नेमका इथं आला होता. हे नळदुर्गात शेळ्यांनासुद्धा कळलं.

मनगटावरचा चेलेपणाचा गंडा सोडून वस्तादाच्या हातात द्यावा आणि मोकळं व्हावं, हा विचार त्या रात्री ईरण्णाच्या मनात आला. सकाळी तो त्यासाठी तालमीच्या दारापर्यंत गेलाही. पण गंडा परत देणाऱ्या पैलवानाला पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी देत नाही, आणि आण्णासाहेबांच्या पाटीवर तर वस्तादाचं नाव नसलेल्या माणसाला रेवडीची ओळसुद्धा नव्हती. तो दारातच बसला. शिवगंगानं आदल्या दिवशीच विचारलं होतं, "मंग आता नारळाचं काय?" सहा वर्षांचा सूड एका माणसानं पाया पडून संपवला होता.

तेवढ्यात बलभीम तेलाची वाटी घेऊन समोर आला.

"थोरले, अंग रगडू का?"

ईरण्णानं वर बघितलं. आणि त्या क्षणी त्याच्या डोक्यात जो उजेड पडला तो असा: तालमीत नवा आलेला चेला, मग तो बत्तीस वर्षांचा असो की बारा, वर्षभर सगळ्यांचा धाकटा. धाकट्यानं पहाटे हौदा उकरायचा, नदीचं पाणी आणायचं, थोरल्यांचे लंगोट धुवायचे आणि थोरल्यांचं अंग रगडायचं. थोरला 'पुरे' म्हणेपर्यंत रगडायचं. आणि ईरण्णा सगळ्यांत थोरला होता.

तो हळूहळू पालथा झोपला. "रगड," तो म्हणाला.

त्या दिवसापासून नळदुर्गच्या तालमीत जे सुरू झालं त्याला तोड नव्हती. बलभीमनं हौदा उकरून झाला की ईरण्णा काठावर बसून एक ढेकूळ उचलायचा, डोळ्यांजवळ धरायचा आणि म्हणायचा, "ह्ये काय हाय? कुनाच्या पाठीला टोचलं तर? पुन्हा उकर." बलभीम पुन्हा उकरायचा. मातीत ताक ओतायचं, हळद आणि तेल टाकायचं, मळायचं. मग ईरण्णाला ताक आंबट वाटायचं. नदीवरून पाण्याच्या घागरी आणताना बलभीमनं जवळची पायवाट धरलेली ईरण्णाला खपेना. किल्ल्याला वळसा घालून आण म्हणायचा. त्या बाजूचं पाणी गोड असतं. लंगोट वाळत घातला की त्याला तो वाकडा दिसायचा. बलभीम सरळ करायचा, मग ईरण्णाला तो जास्तच सरळ दिसायचा.

आणि रगडणं. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. बलभीमचे हात म्हणजे दोन वरवंटे. ईरण्णा त्यांच्याखाली पसरायचा आणि सुडाचा एकेक घोट पीत झोपी जायचा. असा सूड त्यानं कधी कल्पिला नव्हता. कुस्तीत फार तर एकदा पाडता आलं असतं. इथं दिवसातून चौदा वेळा.

एकदा पालथा पडल्या पडल्या त्यानं विचारलं, "चाळीस साली येरमाळ्याला तू काय म्हणलातास, ध्यानात हाय का?"

"कवा, थोरले?"

"चाळीस साली. पाटीपशी. माझ्याकडं बघून."

बलभीमचे हात क्षणभर थांबले. तो खरंच आठवत होता. "येरमाळ्याला म्या लई काय काय म्हणलोय," तो शेवटी म्हणाला. "काय म्हणलोतो?"

ईरण्णाला आपल्या तोंडानं 'पेंडीचं पोतं' म्हणवेना. जो शब्द त्यानं सहा वर्षं मनात उगाळला होता तो ह्या माणसाला आठवतच नव्हता. ईरण्णाच्या अंगाची लाही लाही झाली. "काय न्हाय," तो म्हणाला. "जरा खाली रगड. आन उद्या हौदा दोनदा उकर."

ह्या सगळ्या गडबडीत ईरण्णाच्या बैठका मागं पडल्या. माणसाला एका वेळी दोन कामं होत नाहीत, आणि बलभीमवर नजर ठेवणं हे दिवसभराचं काम होतं. शिवाय पूर्वी प्रत्येक बैठकीला तो बलभीमचं नाव घ्यायचा. आता प्रत्यक्ष बलभीमच समोर उकरत असताना नाव घेऊन काय मिळणार? दूध मात्र ठरल्याप्रमाणे सुरू होतं. वस्ताद काही दिवस बघत राहिले. मग एकदा त्यांनी हुक्क्याच्या नळीनं त्याच्या पोटाला टोचून विचारलं, "हे कशानं आलं रे?"

"आनंदानं, वस्ताद."

"आणि त्याचं गेलं ते कशानं?"

ईरण्णानं हौद्याकडं बघितलं. बलभीम माती उकरत होता. पोट आत गेलं होतं, पाठीवर दोन धारा पडल्या होत्या, आणि किल्ल्याला वळसा घालून घालून पिंढऱ्या दगडी झाल्या होत्या. ईरण्णाला ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्यानं वेगळा लावला. "कष्टानं," तो समाधानानं म्हणाला. "आजून जाईल."

इकडं येरमाळ्याला पाटीवर धुमाकूळ चालला होता. शेवटची जोड गुरुबंधू निघाली म्हटल्यावर आण्णासाहेबांनी सहा वर्षांत पहिल्यांदा खालची ओळ ओल्या फडक्यानं पुसली. दोघांतला शेवटी कोण, आणि त्याच्यासमोर कोण? रोज नवी नावं लागत आणि पुसली जात. त्याच वेळी वरच्या बाजूला, नारळाच्या ओळीत, भूमकडचा बिरदेव नावाचा मेंढपाळाचा पोरगा होता. बावीस वर्षांचा, अंगानं चाबकासारखा. फाल्गुनात त्यानं वालवडच्या बाजारात एक गडी पाडला आणि दोन ओळी खाली आला. ईट गावी आणखी एक पाडला. वाशीला ज्याला पाडलं तो पैलवान म्हणाला, मला काय झालं ते कळलं नाही, मी आभाळ बघत होतो. असं करत करत बिरदेव एकेका बाजाराला एकेक ओळ उतरत पाटीच्या बुडाला आला.

जत्रेला पंधरा दिवस राहिले तेव्हा आण्णासाहेब मोटारीनं नळदुर्गला आले. दोघांना लंगोटावर उभं केलं. ईरण्णाभोवती एक फेरी मारली आणि बलभीमभोवती तीन.

"वस्ताद," ते म्हणाले, "शेवटी बलभीमला घ्यावं म्हणतो."

ईरण्णानं पोट आत ओढलं. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तोच माणूस. पण वस्तादांनी मान हलवली. "एका तालमीचे दोघं असले तर थोरला शेवटी. कायदा है."

आण्णासाहेबांनी बलभीमकडं बघितलं. बलभीम हात जोडून म्हणाला, "थोरल्यांच्या फुडं म्या कसा जाऊ?"

ईरण्णाला त्यात काही खटकलं नाही. त्याला दिसलं ते असं: येरमाळ्याची तीच माती, तीच गर्दी, शेवटची कुस्ती आपली, जरीचा फेटा आपल्या डोक्यावर, आणि हौद्याच्या काठाला आपलं धोतर हातात घेऊन उभा असलेला बलभीम. सूड असाही पुरा होतो. बिरदेवचं नाव त्यानं ऐकलं आणि विसरला. त्याच्या सुडाच्या पाटीवर तेवढ्या बारीक माणसाला जागाच नव्हती.

जत्रेला निघताना त्यानं कोनाड्यातला नारळ पिशवीत घातला. "आज फोडतो," तो शिवगंगाला म्हणाला.

"खोबरं घरी आणा," ती म्हणाली. "सा साल धूळ म्या पुसलीया."

येडेश्वरीची पालखी आमराईत जाऊन आली, माणसांचे रिवाजाप्रमाणे चुनखडीचे खडे वेचून झाले आणि दुपारी फड भरला. रेवड्या झाल्या, नारळ झाले, फेट्याच्या कुस्त्या लागल्या. शेवटून दुसरी कुस्ती बलभीमची. त्यानं समोरच्या बार्शीच्या गड्याला कमरेत धरून असा वर उचलला की मागच्या रांगेतल्यांना तो गडी पूर्ण दिसला, आणि मग हळूच खाली ठेवला, पाठीवर. माणसं उभी राहिली. आण्णासाहेबांनी फेटा बांधला. बलभीम तो फेटा घालून ईरण्णाकडं आला आणि धाकट्याच्या रिवाजाप्रमाणे धोतर घ्यायला हात पुढं केले.

ईरण्णानं धोतर दिलं, सदरा दिला, आणि पिशवी दिली. "जपून धर. पाडू नको."

"काय हाय यात?"

"नारळ."

"देवीचा?"

"तुजा," ईरण्णा म्हणाला आणि हौद्यात उतरला. बलभीमनं पिशवीत डोकावून बघितलं, पण त्याला काही उलगडलं नाही.

हलगीवाल्यानं जाळावर हलगी शेकून घेतली आणि ईरण्णाच्या पुढं वाजवत निघाला. रिवाजाप्रमाणे हात वर करून फडाला एक फेरी मारायची असते. अर्धी फेरी झाली आणि ईरण्णाला धाप लागली. उरलेल्या अर्ध्या फेरीत त्यानं हात कमरेवर ठेवला. माणसांना वाटलं ही नळदुर्गची नवी तऱ्हा असेल. आण्णासाहेबांनी दोघांचे हात जुळवले. सलामी झाली. ईरण्णानं पवित्रा घेतला आणि घेता घेता एकदा काठाकडं नजर टाकली, बलभीम बघतोय ना, धोतर नीट धरलंय ना, याची खात्री करायला.

बिरदेवला तेवढं पुरलं. तो खाली वाकला, ईरण्णाचा उजवा पाय दोन्ही हातांनी ओढून घेतला, खांदा पोटात घातला. ते पोट चाळीस दिवसांच्या सुडानं भरलेलं होतं, ते आधी गेलं आणि बाकीचा ईरण्णा त्याच्यामागून गेला. शेकलेली हलगी गार व्हायच्या आत ईरण्णाची पाठ लागली. त्याला आभाळ दिसलं. वाशीचा पैलवान खरं बोलला होता.

गर्दीनं बिरदेवला डोक्यावर घेतला. जरीचा फेटा, कडं, सगळं तिकडं गेलं. ईरण्णा उठून काठाशी आला आणि खाली बघत उभा राहिला. बलभीमनं पिशवी काळजीपूर्वक खाली ठेवली आणि खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. हरलेल्या थोरल्याच्या अंगावरची माती धाकट्यानं पुसायची, हाही रिवाजच.

"पाठ करा, थोरले," बलभीम म्हणाला. "माती लागलीया."

ईरण्णानं त्या आवाजात हसू शोधलं. खूप शोधलं. सापडलं असतं तर आणखी सहा वर्षांची सोय झाली असती. ते सापडलं नाही. तो वळला, आणि येरमाळ्याच्या त्याच मातीत, त्याच गर्दीसमोर, बलभीमनं त्याची पाठ खालपासून वरपर्यंत सावकाश पुसली.

परतीच्या मोटारीत बलभीमनं त्याला खिडकीची जागा दिली आणि नळदुर्ग येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून ठेवली. "पाडला न्हाय बगा," उतरताना तो म्हणाला. मग पिशवी हातात देत म्हणाला, "थोरले, चाळीस दिस तुमी उकराया लावलं म्हनून आज जमलं. ह्यो खांदाबी दुखायचा ऱ्हायला." आणि वाकून पाया पडला.

ईरण्णा पुढं फडात उतरला नाही. बापाच्या पाठीमागं त्यानं पेंडीचं दुकान चालवलं आणि पोत्यांवर बसून गिऱ्हाइकांना बैल मागच्या पायांवर कसे उभे राहिले ते सांगितलं. बलभीम वर्षभर धाकटा होता, वर्षभर त्यानं हौदा उकरला, मग परंड्याला गेला. त्या दोघांची कुस्ती झाली नाही.

नारळ शिवगंगानं त्याच आठवड्यात फोडला. खोबरं खवट निघालं. तिनं ते म्हशीपुढं टाकलं, तर म्हशीनंही खाल्लं नाही.